गाठीच्या वर चार बोटं

२० फेब्रुवारी

ताई,

आधी रीत उरकून घेतो. मी बरा आहे, दोन वेळा जेवतो, कपडे आठवड्यातून एकदा धुतो. तुम्हीही सगळे ठीक असाल असं धरून चालतो. भावोजींना नमस्कार, चिमणीचा एक गालगुच्चा. आणि आईच्या नव्या गुडघ्याला सांग, नवीन आहेस तर नव्यासारखा वाग, जुन्याच्या सवयी उचलू नकोस. झाली रीत.

तू म्हणशील, आजच्या काळात हे पत्राचं खूळ कुठून आलं. तर माझा फोन पाण्याच्या टाकीत पडला. कसा पडला ते विचारू नकोस. दुरुस्तीवाल्याने तो कानाशी धरून हलवला, आतलं पाणी ऐकलं आणि म्हणाला, "ठेवा आता आठवण म्हणून." तेव्हा काही दिवस पत्रं. व्यायाम करताना आई फार कुरकुरते म्हणत होतीस ना? तेव्हा तिच्यापुढे वाचायला काहीतरी होईल तुला.

तिला सांग, बाग जागी झाली. फाटकापासून पायरीपर्यंत पिटुनियाची ओळ लागली आहे, जांभळा रंग जास्त, पांढरा थोडा. फ्लॉक्स मी लावलाच नव्हता, गेल्या वर्षीचं बी पडून तो विटांच्या फटीतून आपणहून आला. लिलीची नाकं मातीबाहेर दिसायला लागली आहेत. जाईचा वेल खिडकीचे गज सोडून पन्हाळाच्या पाइपावर चढला होता, त्याला हात धरून खाली आणला आणि तारेची जाळी बांधून दिली. दोन दिवस रुसला, आता ठीक आहे.

आणखी सांग, वाटेवरची खडी मी सगळी उचलली. तिच्या वॉकरची चाकं खडीत अडकली असती. न्हाणीघराची भिंत पाडली तेव्हाच्या विटा मागे पडल्या होत्या त्या सपाट बसवल्या, एकेक पाण्याच्या पातळीवर धरून. तीन पायऱ्यांना लोखंडी पाइपाचा कठडा केला. मी दोन्ही हातांनी लटकून पाहिलं, हलला नाही. ती म्हणेल, "तुझं वजन ते काय!" म्हणून सांग, सिमेंटची गोणी बांधूनही पाहिली. बाहेरचा गळका नळही दुरुस्त केला.

आता ती गुलाबाचं विचारेलच. जाताना दोन पिशव्या, एक काठी आणि गुलाबाचं प्रवचन, एवढं सामान होतं तिचं. गाडीचं दार लागेपर्यंत तेच: "गाठीच्या वर चार बोटं ठेवून छाट. गाठीखाली कात्री लावू नकोस. बाबा काय करायचे ते आठव." आठवतं मला. बाबा पंपघरात कामाला होते, तिथल्या आवारातल्या त्या तांबूस गुलाबाचा एक डोळा ओल्या रुमालात गुंडाळून त्यांनी आणला आणि कलम करतात तसा आपल्या खुंटावर भरला. त्या जागी ती मुठीएवढी गाठ झाली. पुढे पंपघर पाडलं, तिथलं झाड गेलं, बाबाही गेले. आता तो गुलाब आपल्या दारात आहे तेवढाच. एप्रिलच्या शेवटी आई येईल तेव्हा तो फुललेला पाहिजे, एवढंच तिचं मागणं आहे, आणि ते मला माहीत आहे.

छाटला. जरा खोल छाटला गेला, पण फुटेल.

इथून पुढचं आईला वाचू नकोस. प्राचार्यांनी दिलेली मुदत संपली. दोन ओळींचं माफीपत्र हवं होतं त्यांना. नाही दिलं. त्या पोराने आमच्या वर्गातल्या गणितवालीची नक्कल केली, सगळ्या वर्गासमोर, तिच्या तोतरेपणाची. मी त्याला एक ठेवून दिली, तो काचेच्या कपाटावर पडला, काच फुटली, त्याच्या हाताला सहा टाके पडले. यात माफी मी कशाची मागायची? शेवटचं वर्ष होतं, राहिलं. मला पुस्तकं बांधायच्या दुकानात काम मिळालंय. आईला म्हणावं, त्याचं चाललंय.

गणितवाली ११ तारखेला येऊन गेली. फाटकाशी उभी राहून बोलली आणि गेली. सांगण्यासारखं काही नाही त्यात.

तुझा काडीपैलवान

---

१४ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. आईचा पाय नव्वद अंशात वाकतो हे वाचून मीही इथे पाय वाकवून पाहिला. भावोजींनी पाठवलेलं जुनं स्वेटर मला दोन माणसांइतकं होतं, पण ऊब दोन माणसांइतकीच देतं, त्यांना सांग.

आधी मुख्य बातमी. गुलाब फुटला! आणि कसा फुटला म्हणून सांगू. पाच धुमारे, एकेक बाणासारखा सरळ. सकाळी बघावं तर काल होता त्याहून दोन बोटं वर. आईच्या शिवणाच्या टेपने मोजतो मी रोज. आज सगळ्यांत उंच एकोणतीस इंच भरला. बाबांच्या हयातीत हे झाड असं कधी उसळलं नव्हतं. मी खोल छाटलं तेच बरं झालं असं आता वाटतंय. आईला हे जरा बेताने सांग, नाहीतर ती म्हणेल शहाणा झाला. खत घातलं, आळं मोठं केलं, मावा पडू नये म्हणून साबणाचं पाणी मारलं. पानं एवढी तकतकीत की पुसून ठेवल्यासारखी. कळी अजून नाही, पण ज्याची अंगकाठी अशी आहे तो कळी द्यायला कितीसा वेळ लावणार?

बाकी पिटुनिया भरात आहे. लिलीला दांडे आले. फाटक करकरायचं, त्याच्या बिजागरीला तेल दिलं. आता कुणी आलं तरी कळणार नाही, असं मनात आलं. मग हसू आलं, येतंय कोण!

नळ दुरुस्त केल्याचा मात्र पस्तावा होतोय. टपटप चालू असायची तेव्हा मागे कुणीतरी भांडी विसळतंय असं वाटायचं. आता घर इतकं गप्प असतं की मी झाकण पाडलं तरी "काय पडलं रे?" असं विचारायला कुणी नाही, म्हणून मीच विचारतो. मीच सांगतो, "झाकण." चहा अजून दोन कपांचाच होतो, हाताला तेच माप ठाऊक आहे. दुसरा कप थंड झाला की कर्दळीच्या मुळाशी ओततो. कर्दळ खूश आहे.

हे एवढं आईला वाच, पुढचं नको. (कर्दळीचंही नको. रडेल.)

दुकानाचं सांगतो. मालक साठीचा आहे, चष्मा कपाळावर आणि कपाळावरचा चष्मा शोधत दिवसभर. मला कॉलेजकुमार म्हणतो. "कॉलेजकुमार, खळ पातळ झालीय, हे पुस्तक आहे, पोस्टर नाही!" सध्या मोसम आहे तो शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांचा. माझ्याच वर्गातली पोरं गठ्ठे घेऊन येतात, मला बघून आधी दचकतात, मग उगाच मोठ्याने बोलतात. मी त्यांची पानं जुळवतो, शिवतो, शिकंज्यात दाबतो, पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं ठोकतो. जे मी पूर्ण केलं नाही ते दिवसाला तीस-तीस पूर्ण करून देतो.

परवा गणितवालीचा आला. ती स्वतः नाही आली, मैत्रिणीच्या हाती पाठवला. पाच प्रती, काळा पुठ्ठा. मालकाला मी म्हटलं, हा मी करतो. ताई, मी इतकं सरळ काम आयुष्यात केलं नसेल. तिच्या नावातलं एकेक अक्षर गरम करून ठोकलं. मग आभाराचं पान वाचलं. शिक्षक, आईवडील, ग्रंथालयातले काका, अगदी वसतिगृहाच्या मावशीसुद्धा. मी नव्हतो. कशाला असेन म्हणा, मी काय गणित केलंय तिचं? तरी दोनदा वाचलं, न जाणो एखाद्या ओळीत "आणि इतर" असेल.

मालक म्हणाला, "कॉलेजकुमार, पाचव्या प्रतीवर थेंब पडला. घाम आहे ना?"

मी म्हटलं, "घामच."

"मार्चात फार घाम येतो तुला," म्हणाला, आणि ती प्रत पुन्हा बांधायला स्वतः घेतली.

गुलाबाचं पहिलं फूल मी तिला नेऊन देणार आहे. दुसरं आईचं. बोलणार काही नाही, देऊन निघून येईन. हे कुणालाही सांगू नकोस.

तुझा का. पै.

---

२ एप्रिल

ताई,

हे पत्र तू एकटी असताना वाच. दार लावून.

काल मी गुलाबाची एक डहाळी तोडून दुकानात नेली. मिरवायला, दुसरं काय. सगळ्यांत उंच धुमारा आता माझ्या खांद्याला लागतो. कळी एकही नाही, म्हणून वाटलं, मालकाला विचारावं. त्याचे वडील माळी होते, तो स्वतः कुंपणाशी वीस झाडं राखून आहे. मी डहाळी त्याच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "बघा, काय जोर आहे!"

त्याने कपाळावरचा चष्मा खाली घेतला. पान हातात धरलं आणि बोटाने मोजलं. एक, दोन, तीन... सात.

"तुमच्या गुलाबाला आधी पाच पानं असायची ना एका देठाला?"

"असतील. मी मोजली नव्हती."

"कापलास कुठे?"

मी हाताने जमिनीलगतची उंची दाखवली.

"गाठीच्या वर की खाली?"

ताई, मला शिव्या दिल्या असत्या तर मी उलट बोललो असतो. त्याने नुसती डहाळी माझ्याकडे सरकवली आणि पुठ्ठे कापायला लागला. कापता कापता म्हणाला, "गाठीच्या वर असतो तो आपला गुलाब. खाली असतो तो रानाचा, नुसती मुळं वापरायला घेतलेला. वरचा मेला की खालचा उसळतो. त्याच्यासारखा जोर कुणाला नसतो. तू दोन महिने त्याला पोसलंस, बाबा."

दोन महिने. आईच्या टेपने मोजत होतो मी.

आता खरं सांगतो. "जरा खोल छाटला गेला" असं मी लिहिलं होतं. गेला नाही, मी छाटला. ११ तारखेला ती आली तेव्हा मी कात्री घेऊन गुलाबापाशीच बसलो होतो, आईने सांगितल्याप्रमाणे चार बोटं मोजत. ती फाटकाबाहेरून म्हणाली, उद्या शेवटचा दिवस आहे, दोन ओळी लिहून दे. मी म्हटलं, तू त्याची बाजू घेतेस? त्यावर ती जे बोलली ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. तिला बोलताना वेळ लागतो हे तुला ठाऊक आहे, पण त्या दिवशी एकदाही अडखळली नाही. म्हणाली, "मी तुला मार म्हटलं होतं? मी त्याला स्वतः उत्तर देणार होते. उभी राहिले होते मी. तू मला बोलूच दिलं नाहीस. आता सगळं कॉलेज मला काय म्हणून ओळखतं माहितीये? जिच्यामुळे काच फुटली ती."

आणि गेली. मी हाका मारल्या, थांबली नाही. मग मी खाली बसलो आणि गुलाब कापला. चार बोटं नाही, दोन बोटं नाही, गाठीसकट. जाड खोड कात्रीत येईना तर करवत आणली. म्हणजे बघ, करवत आणायला मागच्या खोलीत जाऊन यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळातही माझं डोकं थंड झालं नाही. कापलेलं सगळं त्याच संध्याकाळी जाळलं. मग तिला अकरा फोन केले. बाराव्यांदा टाकीत फेकला. पडला नव्हता तो.

कापताना मला माहीत होतं ताई. हे झाड बाबांचं आहे हे मला माहीत होतं. ठाऊक नसतं तर कापलंच नसतं. जे तोडलं की माझंच काही तुटलं असं कळेल, असं दुसरं काही हाताशी नव्हतं.

आता करू काय? आई चार आठवड्यांत येईल. पंपघराच्या जागी गाड्यांचा तळ आहे, मी काल जाऊन पाहून आलो. तसला रंग चार रोपवाटिकांत विचारला; सगळे केशरी दाखवतात. मालक म्हणतो, मूळ जिवंत आहे, एक डोळा कुठे मिळाला तर पुन्हा भरता येईल, पण मिळायला तर हवा.

एक जागा आहे. तिथे जायला मला तोंड नाही.

आईला काहीही सांगू नकोस. गुलाब कसा आहे विचारलं तर म्हण, उंच झालाय. खोटं नाही ते.

तुझा भाऊ

---

२४ एप्रिल

आई,

तू पाय सोडून बसली असशील तर तशीच बस, उठू नकोस. पत्रात असतात तसे सोपस्कार आज करत नाही. तुला मी पत्र कधी लिहिलंच नाही, लागलंच नाही लिहायला. हाक मारली की तू असायचीस. म्हणून मायना काय लिहायचा तेही कळत नाही. ताईला मी तीन पत्रं पाठवली, त्यातला अर्धा भाग तुला वाचून दाखवलेला नाही. तिचा दोष नाही, मी हात जोडून सांगितलं होतं. ती पत्रं तिच्याकडून माग आणि स्वतः वाच. हे मात्र आधी वाच.

बाबांचा गुलाब मी कापला. गाठीखाली. रागात कापला, आणि तो राग झाडावरचा नव्हता. ज्या मुलीवरचा होता तीही काही चुकीचं बोलली नव्हती. ती कोण हे तुला सांगायला नको, कारण मी दोन वर्षं तिचं नाव न घेता तिच्याविषयी बोलतोय आणि तू दोन वर्षं न विचारता ऐकते आहेस.

आणखी एक जुनी गोष्ट आहे. दोन वर्षांपूर्वी छाटणीच्या नऊ काड्या मी मातीत खोचल्या होत्या. नऊच्या नऊ मेल्या असं तुला सांगितलं. आठ मेल्या. नववी जगली, तिला मी रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलं आणि त्या मुलीला दिलं. तुला का नाही सांगितलं? तू "दे" म्हणाली असतीस, आणि मग ते माझं देणं राहिलं नसतं. असला हिशेब होता.

५ तारखेला मी तिच्या दारात गेलो. तिसरा मजला. दोनदा खालूनच परत फिरलो, तिसऱ्यांदा एक बाई जिन्यात भेटल्या, त्या म्हणाल्या, "कुणाकडे रे? मघापासून बघतेय," म्हणून वर जावंच लागलं. दार तिनेच उघडलं. दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली, आत ये म्हणाली नाही.

"भांडायला आलास की मागायला?"

"मागायला."

"मग माग."

आई, एवढं साधं आहे हे, आणि माझ्या तोंडून निघेना. ती थांबली. तिला माहीत आहे ना, शब्द अडकला की दुसऱ्याने पुढचा पुरवायचा नसतो, नुसतं थांबायचं असतं. मी कधी तिच्यासाठी थांबलो होतो का, हे आठवून पाहिलं. शेवटी म्हटलं, गुलाब मेला, मीच मारला, तुझ्या डब्यातली एक काडी दे. डोळे भरायला.

ती गच्चीवर घेऊन गेली. डबा पाण्याच्या टाकीच्या सावलीत होता. झाड केवढंसं, तुझ्या गुडघ्याएवढं, पण नीट राखलेलं. बुंध्याशी नारळाच्या शेंड्या, काठीचा आधार, पानं धुतलेली. आणि आई, एक फूल होतं त्याला. तोच रंग. बाहेरून तांबूस आणि आत उतरत जाऊन साईसारखा. एकच दांडी जून झाली होती, डोळे तिच्यावर, आणि फूलही तिच्यावरच. मी कात्री हातात फिरवत बसलो. तिनेच ती माझ्या हातातून घेतली आणि दांडी कापली, बरोबर जिथे कापायची तिथे.

मग म्हणाली, "डबाच घेऊन जा."

"नको, काडी पुरे."

"मी जूनमध्ये जातेय. पुढचं शिकायला. इथे पाणी कोण घालणार?"

मी डबा उचलला. जिन्याच्या तोंडाशी मला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही, म्हणून म्हटलं, त्या दिवशी वर्गात आणि नंतर फाटकाशी, दोन्ही वेळा माझं चुकलं.

ती म्हणाली, "हो."

एवढंच. राग नव्हता, "असू दे"ही नव्हतं. नुसतं हो. मी उभाच होतो तर म्हणाली, "जिना अरुंद आहे, काटे लागतील. सांभाळून जा." रस्त्यावर आल्यावर मी वर पाहिलं नाही. पाहिलं असतं आणि ती नसती, तर? आणि असती तरी काय.

दुसऱ्या दिवशी मी काम करतो त्या पुस्तकबांधणीच्या दुकानाचे मालक आले. दुकान बंद ठेवून आले, आई, मोसमात. कातडी सोलायची त्यांची पातळ सुरी घेऊन. पाचांतले दोन धुमारे काढून टाकले, तीन ठेवले. प्रत्येकाच्या बुडाशी सालीला आडवी आणि उभी चीर दिली, साल सुरीच्या मागच्या टोकाने उचलली आणि डोळा आत सरकवला, अगदी पाकिटात पत्र घालावं तसा. पट्टीने बांधला. पहिला त्यांनी भरला, दुसरा मला भरायला लावला. मी पट्टी करकचून ओढायला लागलो. म्हणाले, "पुस्तकाची शिवण समज. ओढू नकोस. बसव." तिसराही मीच भरला.

ते जाताना म्हणाले, "डब्यातलं झाड आहेच की. कापल्या जागी लावून टाक. आईसाहेबांना वाटेल छाटलंय म्हणून लहान दिसतंय." मी म्हटलं, आपल्या चिकट मातीत तो स्वतःच्या मुळावर टिकत नाही, म्हणून तर बाबांनी खुंट घेतला होता. ते म्हणाले, "वर्षभर टिकेल. तेवढ्यात हे डोळे फुटतील. कुणाला कळतंय?" गंमत करत होते की माझी परीक्षा बघत होते, मला कळलं नाही. मी दोन दिवस तो विचार केला, खोटं सांगत नाही. खड्डासुद्धा खणला. मग बुजवला. तू फूल बघून बाबांची आठवण काढली असतीस आणि मी शेजारी उभा राहून "हो ना" म्हटलं असतं. ते मला जमलं नसतं. किंवा जमलं असतं, याचीच जास्त भीती वाटली.

तिने कापून दिलेलं फूल मी पेल्यात ठेवलं होतं. चार दिवस राहिलं.

आता डोळ्यांचं. भरताना पानाचा नुसता देठ ठेवतात डोळ्याखाली. अठरा-वीस दिवसांनी त्याला बोट लावायचं. अलगद गळून पडला, तर डोळा धरला. वाळून चिकटून बसला, तर गेला. मालकांनी भरलेला पहिलाच काळा पडला. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "म्हातारपण," आणि दिवसभर माझ्या खळीला नावं ठेवली. दुसऱ्याला आज सकाळी बोट लावलं. देठ गळला, आई. खाली हिरवं आहे, तांदळाच्या कणीएवढं. त्यातून फांदी येईल, वरचा रानटी धुमारा तेव्हा कापायचा, आणि फूल पाऊस संपल्यावर कधीतरी. म्हणजे तू येशील तेव्हा गुलाब नाही. तुझं एकच मागणं होतं आणि ते नाही. डब्यातल्या झाडाला फूल येईल न येईल, ते मी मोजत नाही.

कॉलेजातूनही जाऊन आलो. पुढच्या वर्षी घेतील म्हणतात, त्या दोन ओळींसह. अर्ज आणलाय. भरलेला नाही अजून. त्या मुलाचा पत्ता मात्र घेतला आहे.

तू चिडशील. चिडायलाच हवंस. बाबांची शेवटची वस्तू होती ती, आणि ती तू मोठ्या विश्वासाने माझ्या स्वाधीन करून गेली होतीस. रविवारी येऊन तू दोन दिवस बोलली नाहीस तरी चालेल, फक्त ते दुसऱ्या खोलीत बसून कर, ताईकडे राहून नको. घरात अडीच महिने माझ्याशिवाय कुणाचा आवाज नाही. तू रागाने भांडं आपटलंस तर तेही मला ऐकायचंय.

तिसऱ्या डोळ्याला मी अजून हात लावलेला नाही. त्याचा देठ तिथेच आहे, पिवळा पडलाय. धरला की गेला, मला ठाऊक नाही, आणि तू येईपर्यंत मी बघणार नाही. पायऱ्या उतरायला मी हात देईन. बोट तू लाव.

गुलाब कापणारा,
तुझाच